चहा म्हणजे काही खाणं नव्हे

कॅनडातल्या हॅमिल्टनला आमच्या रस्त्यावर मराठी घरं दोनच. एक माझ्या लेकीचं, अनुयाचं, त्यात मी राहते. दुसरं बरोबर समोर, नंदन आणि ऊर्मीचं, त्यात नंदनचे आईवडील राहतात: ताराबाई आणि जनार्दनराव. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत. त्यामुळे कुणाकडे सकाळी दिवा कधी लागतो आणि कोण लावतो, हे कुणाला विचारावं लागत नाही.

जनार्दनराव कराडचे. सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. नोकरीतून निवृत्त झाले, सवयीतून नाही. पतसंस्थेचा ताळेबंद पाहावा तसे माणसाकडे पाहतात: आधी बेरीज, मग बेरजेवर शंका. माझाही जन्म बँकेत खातेवह्या सांभाळण्यात गेला, म्हणून हा स्वभाव मला लांबून ओळखू येतो. फरक एवढाच की मी शंका मनात ठेवते आणि ते चष्मा पुसून तोंडावर विचारतात.

ताराबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. डावा तर असा की जिना म्हणजे घाट. इथली घरं कशी, झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर खाली आणि कपडे धुवायचं मशीन त्याच्याही खाली बेसमेंटमध्ये. जिना नाही तर घर नाही. गेलं वर्षभर त्या वरच्याच खोलीत होत्या. रविवारी खाली यायच्या ते लहान मुलासारखं एकेका पायरीवर बसत बसत. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नंबर लावून सव्वा वर्ष झालं, तेव्हा कुठे हॉस्पिटलकडून फेब्रुवारीतली तारीख मिळाली. ऊर्मीने बातमी सांगितली तेव्हा ताराबाई मला म्हणाल्या, "सीमाताई, मला दुसरं काही नको. त्या खालच्या स्वयंपाकघरात एकदा माझ्या पायांनी जायचंय आणि माझा चहा माझ्या हाताने करून प्यायचाय."

आता हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. करायला नको होतं.

तारीख मिळाली, पण तिला शेपूट होतं. ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी. इथल्या रिपोर्टात आकडा आला एकशे दोन. आपल्याकडे जे दहा पॉइंट दोन म्हणतात तेच, पण इथलं माप वेगळं. जनार्दनरावांना ते कुठलं माहीत? त्यांनी अभिमानाने कराडच्या ग्रुपवर टाकलं, "ताराचं एकशे दोन आलं." त्यावर त्यांच्या बहिणीचा फोन, "अरे दादा, मग डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेव की!"

हसून झालं. मग क्लिनिकच्या नर्सने ऊर्मीला समजावलं की हे हसण्यावारी नेऊ नका. लोहाच्या गोळ्या सुरू करा, सकाळी रिकाम्या पोटी. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा तपासू.

गोळ्या सुरू झाल्या. आणि त्या कुणाच्या ताब्यात गेल्या असतील? अर्थातच जनार्दनरावांच्या. बाटली त्यांच्या कपाटात, चावी त्यांच्या खिशात. रोज सकाळी आपल्या हाताने बायकोला गोळी देणार, ती गिळेपर्यंत समोर उभे राहणार, मग "तोंड उघड पाहू." ताराबाई म्हणायच्या, "लग्नात घास भरवताना एवढे जवळ आले नव्हते हे."

नोव्हेंबर संपला. रक्त तपासलं. एकशे तीन.

इतके आठवडे रोज गोळी आणि वाढ काय, तर एक. बँकेत ठेव ठेवून असं व्याज मिळालं असतं तर लोकांनी मॅनेजरला घेराव घातला असता. नर्सचा फोन आला. ऊर्मीने स्पीकरवर घेतला होता, असं तिनेच मला सांगितलं. नर्सने विचारलं, गोळी नियमित घेतात ना? हो. कधी? सकाळी उठल्या उठल्या. रिकाम्या पोटी? अगदी रिकाम्या. त्याआधी काही खात नाहीत ना? छे, काहीच नाही. नर्स म्हणाली, मग रक्त आत कुठे वाया जातंय का ते पाहावं लागेल. पोटात कॅमेरा घालून तपासणी. जानेवारीत एकदा रक्त बघू. आकडा वर सरकला तर ठीक, नाहीतर फेब्रुवारीची तारीख दुसऱ्याला द्यावी लागेल आणि तुमचा नंबर पुन्हा मागे.

ताराबाईंनी त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. पोटातल्या कॅमेऱ्याची भीती होतीच. पण त्याहून, पुन्हा नंबर मागे म्हणजे पुन्हा ती वरची खोली, पुन्हा खिडकीतून दिसणारं माझं स्वयंपाकघर.

आणि त्या दिवसापासून समोरच्या घरात संशयाने बिऱ्हाड केलं.

पहिला संशय जनार्दनरावांचा, सुनेवर. मी पोह्यांचा डबा परत द्यायला गेले तर ते बाटली उजेडात धरून बसलेले.

"सीमाताई, ही गोळी बघा. तुम्हाला खरी वाटते?"

"खोटी कशी असते ते आधी दाखवा, मग सांगते."

"चेष्टा नको. ऊर्मी सेलमधून आणते सगळं. टोमॅटो सेलमधून आणावेत, मान्य. औषध कशाला?"

"अहो, फार्मसीतलं आहे. सील होतं ना?"

"सील होतं," ते म्हणाले. "पण फार सहज निघालं."

दुसरा संशय ऊर्मीचा, सासऱ्यांवर. ती हॉस्पिटलात बिलिंगला आहे, शिफ्टवरून येते ती दमलेली. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढता काढता मला गाठून म्हणाली, "मावशी, आय ॲम टेलिंग यू, बाबा गोळी अर्धी करून देतात. बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून. साबणाची वडी नाही का ते दोऱ्याने कापतात?"

"अगं, साबण वेगळा. बायको वेगळी."

"बाबांच्या बजेटमध्ये दोन्ही कन्झ्युमेबल्स."

तिसरा संशय नंदनचा, आईवर. नंदन सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे त्याचा संशयही तर्कशुद्ध. "काकू, आई घाबरलीय ऑपरेशनला. गोळी जिभेखाली ठेवते आणि बाबा वळले की थुंकते. लहानपणी मी हेच करायचो."

"आणि तुझी आई तेव्हा काय करायची?"

"नाक दाबायची."

"मग आता तू दाब."

चौथा संशय माझ्यावर. हो, माझ्यावर! मी दुपारी ताराबाईंकडे बसायला जाते तेव्हा पदराखालून, म्हणजे इथे पदर कुठला, जॅकेटच्या खिशातून, कधी तिळाची वडी नेते, कधी चकली. जनार्दनरावांनी मला जिन्याच्या तोंडाशी अडवून विचारलं, "तुमच्या त्या तिळात उष्णता किती असते, याचा काही अंदाज?" मी म्हटलं, "अंदाज नाही, पण कालची एक वडी तुमच्या मिशीला अजून आहे."

त्यांनी मिशी पुसली, पण शंका पुसली नाही.

सगळ्यात गंमत अशी की गोळ्यांचा हिशोब चोख होता. बाटलीत जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच उरल्या होत्या. आणि नेमकं तेच त्यांना खात होतं. "हिशोब जुळतो आणि माल पोचत नाही," ते मला म्हणाले, "म्हणजे चोर आतला आहे. माझा अनुभव सांगतो."

चोर पकडायला त्यांनी एक जागाही धरली होती. इथल्या घरांत बेसमेंटमधल्या भट्टीतून गरम हवा पत्र्याच्या नळ्यांनी वर चढते आणि प्रत्येक खोलीत जमिनीतल्या एका जाळीतून बाहेर येते. हवेबरोबर आवाजही येतो, हे इथे नवा आलेला माणूस पहिल्या हिवाळ्यात शिकतो. त्यांच्या स्वयंपाकघरातली जाळी वरच्या खोलीच्या जाळीशी एकाच नळीने बांधलेली. जनार्दनरावांची खुर्ची त्या जाळीवरच असायची. कुणी विचारलं तर, "पायाला ऊब लागते." पायाला लागत असेलही. पण ऊब घेताना कुणी मान तिरकी करून बसत नाही.

डिसेंबरात संकष्टी आली. त्या दिवशी सकाळीच ऊर्मीचा फोन, "मावशी, माझी अर्ली शिफ्ट आहे, नंदन टोरोंटोला गेलाय. आईंना रात्रभर झोप नाही, छातीत धडधडतंय म्हणतात. जरा बसाल का त्यांच्याजवळ?" मी जॅकेट चढवलं आणि बर्फातून पाय ओढत समोर गेले.

वर गेले तर ताराबाई उशीला टेकून बसलेल्या. चेहरा पिठासारखा. मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि जनार्दनराव आले. एका हातात बशी, बशीत गोळी. दुसऱ्या हातात मोठा कप, वाफाळता. कप कसला, तांब्याच म्हणा.

"काही खाल्लं नाहीस ना?"

"आता या खोलीत काय खाऊ? उशी?"

"सीमाताईंनी काही दिलं?"

"माझी संकष्टी आहे," मी हात वर केले. "खिसे तपासून घ्या."

त्यांनी खरंच एकदा खिशाकडे पाहिलं. मग गोळी बायकोच्या हातावर ठेवली, कप पुढे केला. ताराबाईंनी गोळी जिभेवर ठेवली, चहाचा मोठा घोट घेतला, डोळे मिटून गिळला. तोंड उघडून दाखवलं. जनार्दनरावांनी मान हलवली, जणू खात्यावर शिक्का मारला, आणि आवाज करत खाली गेले.

मी हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही. तुम्हालाही खटकलं नसतं. आपल्या घरांत सकाळचा चहा हा डोळे उघडण्याचाच एक भाग आहे.

पावलं खाली पोचल्यावर ताराबाई पुढे झुकल्या. "सीमाताई, अर्धा घ्या हो यातला. मला संपत नाही."

कपात पाहिलं. चहा कसला, भिंतीला लावायचं डांबर. दूध नावाला.

"एवढा काळा?"

"पंधरा मिनिटं उकळतात. पावडर पूर्ण वसूल झाली पाहिजे ना. असा सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. रात्री मग डोळे छताला." त्यांनी उसासा टाकला. "आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, यांनी कधी पाण्याचा पेला उचलला नव्हता. इथे आल्यावर माझा गुडघा बसला आणि हे चहा शिकले. पहिल्यांदा कप घेऊन जिना चढून आले ना, तेव्हा अर्धा चहा बशीत. मी म्हटलं, छान झालाय. मेलं ते एक वाक्य! तेव्हापासून पितेय."

"सांगायचं मग."

"काय सांगू? इथे त्यांना दुसरं काम काय आहे? बँक नंदन बघतो, गाडी ऊर्मी चालवते. एकदा कराडला मी म्हटलं होतं, 'अहो, मेथी जून आणलीत.' त्यानंतर मंडईची पायरी चढले नाहीत. शेवटपर्यंत भाजी मी आणली. घ्या ना अर्धा, मोरीत ओतायलाही मला वॉशरूमपर्यंत जाववत नाही."

"माझा उपास आहे, ताराबाई."

"चहाला काय झालं? चहा म्हणजे काही खाणं आहे का?"

"तेही खरंच," मी म्हटलं आणि कपाला हात लावला. "चहा म्हणजे काही खाणं नव्हे."

आणि हात तिथेच राहिला.

कारण हे वाक्य मी आधी एकदा म्हटलं होतं. अनुयाला. तिला दिवस गेले होते, तिलाही लोहाची गोळी होती, आणि मी सकाळी आल्याचा चहा तिच्या हातात ठेवला तेव्हा ती म्हणाली होती, "आई, मिडवाइफने सांगितलंय, गोळीबरोबर चहा नाही, कॉफी नाही. तास-दोन तास अंतर." मी म्हटलं होतं, "तुझ्या मिडवाइफला काय कळतंय, चहा म्हणजे काही खाणं आहे का?"

"काय झालं हो?" ताराबाई घाबरल्या. "मुंगी आहे का त्यात?"

मी अनुयाला फोन लावला. ती झोपेत होती, मुलगा रात्रभर रडलेला. म्हणाली, "हो आई, खरं आहे ते. चहात जे तुरट असतं ना, ते लोहाला धरून ठेवतं. मग शरीराला ते मिळतच नाही. दुधानेही थोडं तसंच होतं. आणि तो चहा जितका कडक, तितकं वाईट. का? कोण पितंय?"

"कुणी नाही. झोप तू."

ताराबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कसं सांगावं? मी म्हटलं, "लोखंडी विळीवर आवळा चिरला की काय होतं?"

"काळा पडतो. विळीही आणि आवळाही."

"का?"

"तुरट असतो म्हणून. लोखंडाला चिकटतो."

"बरं. आता या कपात काय आहे? आणि त्या गोळीत काय आहे?"

ताराबाईंनी कपाकडे पाहिलं. आतून कपाला काळसर वळं पडलेली होती, घासून न जाणारी. त्यांनी बोटाने एक वळं घासून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे रोज माझ्या पोटात आवळा चिरतायत हे."

"तसंच."

"आणि नर्सने विचारलं तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, काहीच खात नाही."

"खरंच बोललात. तिने चहाचं विचारलंच नाही आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. मी असते तर मीही नसतं सांगितलं."

मला वाटलं होतं त्या हसतील. पण त्यांनी माझं मनगट धरलं.

"सीमाताई, यांना सांगायचं नाही."

"अहो, तुमचं ऑपरेशन जाईल हातातून!"

"गोळी मी पाण्याने घेईन. पण माझ्या चहाने तुला अपाय झाला, हे त्यांना कळता कामा नये. ते पुन्हा जिना चढायचे नाहीत. मेथीचं सांगितलं ना मी?"

"मग चहा बंद केला याचं कारण काय सांगणार? ते तर श्वासाचंही कारण मागतात."

ताराबाईंनी जरा विचार केला. "आज संकष्टी ना? गणपतीला बोलले म्हणून सांगते. गुडघा होईपर्यंत अंघोळीआधी चहा नाही. अंघोळ व्हायला मला तसेही दोन तास लागतात."

"गणपतीला खोट्यात ओढताय?"

"त्याला मोदक मिळतील की."

मी हसले, मोठ्याने हसले. आणि तो भयंकर कप वॉशरूममध्ये नेऊन ओतला. बेसिनलाही डाग राहिला, तो टिश्यूने पुसून काढला.

खाली आले तर जनार्दनराव जाळीवरच्या खुर्चीत. मान सरळ. समोर टॅबवर कराडचं वर्तमानपत्र उघडलेलं, पण पडदा विझून काळा झालेला. मी तेव्हा तेही हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशीपासून ताराबाईंचा नेम सुरू झाला. पहिली सकाळ कशी गेली ते त्यांनीच सांगितलं. जनार्दनराव बशी आणि कप घेऊन आले. त्यांनी नवसाचं सांगितलं. ते उभेच राहिले. म्हणाले, "नवस?" त्या म्हणाल्या, "नवस." "गणपतीला चहाशी काय देणं-घेणं?" "ते त्याला विचारा." मग ते खाली गेले आणि पेलाभर पाणी घेऊन आले. एवढंच. वाद नाही, उलटतपासणी नाही.

मला ते शांत राहणं आवडलं नाही. लेखापरीक्षक गप्प बसला की समजावं, त्याला सापडलंय आणि तो आता आणखी मोठ्या आकड्याची वाट पाहतोय.

माझा संशय वाढला तो वेगळ्याच गोष्टीने. आठवडाभराने सकाळी माझ्या खिडकीतून पाहते तर समोर स्वयंपाकघरात जनार्दनराव लिंबू पिळतायत. तेही चिमट्यात धरून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पेला घेऊन जिन्याकडे गेले. दुपारी ताराबाईंना विचारलं, "आज गोळी कशाने घेतली?" त्या म्हणाल्या, "कोमट लिंबूपाण्याने. हे म्हणाले नुसतं पाणी थंडीत घशाला लागतं. फार आंबट होतं हो. पण मी म्हटलं..."

"छान झालंय?"

"हो," त्या ओशाळल्या.

लिंबाने लोह चांगलं लागतं, हे मला अनुयाने सांगितलं होतं. त्यांना कुणी सांगितलं? त्याच दिवशी त्यांनी मला रस्त्यात गाठलं. कचऱ्याचा निळा डबा ओढत मुद्दाम माझ्या बाजूला आले.

"सीमाताई, एक विचारू? हा नवस नेमका तुम्ही आलात त्याच दिवशी कसा सुचला?"

"संकष्टी होती म्हणून."

"संकष्टी दर महिन्याला येते."

"भक्ती दर महिन्याला येत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थंडीने डोळ्यांत पाणी आलं होतं, थंडीनेच आलं असावं. "हं," म्हणाले आणि डबा ओढत गेले. मी घरी येऊन मनातल्या मनात जमाखर्च मांडला: यांना माहीत आहे की नाही? जमा बाजूला लिंबू, खर्च बाजूला ते "हं." शिल्लक काही लागेना.

जानेवारीत रक्त घेतलं. नर्सचा फोन येणार म्हणून नंदन त्या दिवशी घरून काम करत होता, ऊर्मीने शिफ्ट बदलून घेतली होती. मलाही बोलावलं. ताराबाईंनी हट्ट धरला की जे काय ते खाली बसून ऐकणार. नंदन पुढे, जनार्दनराव मागे, मध्ये त्या पायरीपायरीवर बसत. अर्धा जिना उतरल्यावर थांबल्या, कठडा घट्ट धरला. "नंदन, तारीख गेली तर मला इथूनच वर ने. खाली बसून रडायचं नाहीये मला."

"आई, प्लीज. नाही जाणार."

"तुला काय माहीत? तू काय रक्त आहेस?"

टेबलाभोवती आम्ही पाचजण बसलो. फोन मधोमध, एखाद्या कलशासारखा. वाजला तेव्हा ऊर्मीचा हात घसरला आणि फोन जवळजवळ चटणीत गेला.

नर्सने नाव, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, गुड न्यूज. एकशे अठरा.

ताराबाईंना आकडा कळला होता, पण त्याचा अर्थ कुणीतरी सांगावा म्हणून त्या एकेकाचं तोंड पाहत होत्या. नर्सच पुढे म्हणाली, फेब्रुवारीची तारीख कायम. गोळी चालू ठेवा. एक सांगा मात्र, एवढ्यात एवढा फरक पडला, मधे काही बदललंत का?

ऊर्मी म्हणाली, "नो, नथिंग. सेम पिल्स."

"नथिंग ॲट ऑल?"

मी ताराबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरचा मोहरीचा एक दाणा बोटाने फिरवत होत्या. आणि तेवढ्यात जनार्दनराव फोनकडे वाकले. घसा साफ केला. कार्यालयीन इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले:

"मॅडम. प्रीव्हियसली, टॅब्लेट वॉज गिव्हन विथ टी. व्हेरी स्ट्राँग टी. बाय मी. नाऊ डिसकंटिन्यूड."

पलीकडे नर्स एवढी खुश झाली की तिने दोनदा थँक यू म्हटलं. सगळ्या पेशंटांना आता चहाचं वेगळं विचारीन, म्हणाली. फोन बंद झाला.

नंदन वडिलांकडे बघत राहिला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

जनार्दनरावांनी चपलेच्या टोकाने खुर्चीखालच्या जाळीवर टकटक केली. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "तुझा गणपती हळू बोलतो. सीमाताई मोठ्यांदा बोलतात."

मी आयुष्यात फार थोड्या वेळा गप्प बसले आहे. त्यातली ही एक.

"मग सगळंच ऐकलंत?" ताराबाईंनी विचारलं.

"आवळा ऐकला. मेथी ऐकली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा मिनिटं उकळतो हेही ऐकलं."

"मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

"म्हणायचंच होतं. इतके दिवस म्हणाली नाहीस, हे माझं दुखणं आहे. मी घरभर चोर शोधत होतो. सुनेला धरलं, मुलाला धरलं, या समोरच्या बाईचे खिसे पाहिले. आणि रोज सकाळी चोराला मीच कपात घालून वर पोचवत होतो."

ऊर्मीने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, मला पण तुमच्यावर डाउट होता. गोळी अर्धी करता म्हणून."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तू वर नंदनला सांगत होतीस, तेही जाळीतून ऐकलं. साबणाचं बोललीस ते मात्र चुकीचं आहे. मी वडी दोऱ्याने कापत नाही. तारेने कापतो."

पहिल्या हसल्या त्या ताराबाई. हसता हसता गुडघा हलला असावा, कळवळल्या, पुन्हा हसल्या. मग बोटांनी डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, मग लिंबूपाणी का देत राहिलात? नवस खोटा आहे हे माहीत असून?"

"तू माझा चहा इतके महिने प्यालीस. मी तुझा नवस महिनाभर नसता पाळला?"

अशा वेळी मराठी घरात एकच गोष्ट होते. नंदन म्हणालाच, "चहा टाकू का?"

"तू बस," जनार्दनराव उठले. पातेलं काढलं, पाणी मोजलं, पावडरीचा डबा उघडला. चमचा भरून हात पातेल्यावर आणला आणि तसाच अधांतरी धरला. पाठ आमच्याकडे होती.

"तारा," ते म्हणाले, "किती वेळ उकळू?"

ताराबाई खुर्चीत सरसावून बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात त्यांचा हुकूम चालत होता. "आधी पावडर अर्धी करा. अर्धी! हां. एक उकळी आली की गॅस बंद. झाकण ठेवा. आता हात लावू नका, बघत उभं राहा नुसतं."

ते बघत उभे राहिले. पावडर वसूल होत नाहीये हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. तरी हात लावला नाही.

कप आले. रंग पाहिला तर, खरं सांगते, चांगला होता. तरी पाचही जणांनी आधी कपात वाकून पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि मग बाकीचे ताराबाई काय म्हणतात याची वाट पाहत बसले. त्यांनी घोट घेतला. गिळला. जनार्दनराव समोर उभे.

"तोंड उघडून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "खरं सांग."

"पाणचट झालाय," ताराबाई म्हणाल्या. "उद्या अजून एक मिनिट ठेवा."